पाणी तिसऱ्या पायरीवर, आणि मी पुरणयंत्र घासत होते

आमच्या घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. पाहुणे आले, चहा झाला, पुराचा विषय निघाला की भाऊजी खुर्ची पुढं ओढतात आणि म्हणतात, "वहिनींचं पुरणयंत्र सांगू का?" मग सगळे हसतात. मीही हसते. आज तीच गोष्ट माझ्या बाजूनं सांगायची आहे.

६ ऑगस्ट २०१९, मंगळवार. सांगली, गावभाग. आदल्या दिवशी नागपंचमी आणि श्रावणातला पहिला सोमवार एकत्र आलेले. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडली होती. टीव्हीवर दिवसभर काश्मीर आणि कलम ३७०, आणि खालच्या पट्टीत मधूनच कोयनेचा विसर्ग. रात्री वीज गेली ती गेलीच. सकाळी नळाला पाणी नाही. सांगलीची माणसं पावसाळ्यात एकमेकांना "कसं काय" विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. तो धोका कधीच मागं पडला होता.

दुपारी पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला लागलं. आणि बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारी मी मोरीत पाटावर बसून पुरणयंत्राची जाळी साफ करत होते. ज्यांनी ती कधी साफ केली आहे त्यांना माहीत असेल, शिळं पुरण भोकांत सिमेंटसारखं बसतं. मी केरसुणीची काडी घेऊन एकेक भोक मोकळं करत होते. एक झालं की उजेडाकडं धरून बघायचं, मग पुढचं. मधूनमधून कळशीतलं पाणी तांब्यानं ओतत होते.

"ताई! ते प्यायचं पाणी आहे!"

वैशाली दारातून ओरडली ते मला ऐकू आलं. शब्द न् शब्द ऐकू आला. त्याचा माझ्याशी काही संबंध आहे, एवढं मात्र कळलं नाही. मी पुढचा तांब्या ओतला.

वैशाली माझी धाकटी जाऊ. (नाव बदललंय. हे सगळं तिला आधी वाचून दाखवलं. तिनं दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्यातली एक मी केलेली नाही.) घरात तिची ख्याती घाबरट म्हणून. पाल दिसली की ती पलंगावर उभी राहते. मुलगा क्लासहून दहा मिनिटं उशिरा आला की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. लिफ्टमध्ये ती बसत नाही. त्या दुपारी ह्याच बाईनं मेन स्विच पाडला, दोन्ही सिलिंडर काढून जिन्याच्या कठड्याला नायलॉनच्या दोरीनं बांधले (पुरात सिलिंडर तरंगतात आणि घरभर आपटत फिरतात, हे आम्हाला २००५ च्या पुरात दुसऱ्यांच्या घरांनी शिकवलेलं), घराची कागदपत्रं, पासबुकं, सोनं असं सगळं लाडवाच्या स्टीलच्या डब्यात भरून झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली, शिलाई मशीन मुलाच्या मदतीनं माडीवर चढवलं आणि शेवटी माझ्या हातातली जाळी काढून घेऊन मला दंडाला धरून उभं केलं. गुडघ्याच्या वर पाण्यातून आम्ही कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. तिथून पुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून.

ज्या शाळेत आमची सोय झाली तिथं एक कोवळा मुलगा वहीत नावं लिहून घेत होता. त्यानं मोबाईल नंबर विचारला. मला माझा नंबर सांगता येईना. मी खडाखड एक नंबर सांगितला, त्यानं लिहूनही घेतला. रात्री आडवी झाल्यावर लक्षात आलं की तो कराडच्या माझ्या माहेरचा लँडलाइन होता, बाबा गेल्यावर बंद केलेला.

त्या रात्री झोप लागली नाही ती घराच्या काळजीनं कमी आणि लाजेनं जास्त. ताण आल्यावर शरीर काय करतं, हा जो धडा मी दर वर्षी शिकवते त्यात मी स्वतःच नापास झाले होते.

तो धडा मी वाक्प्रचारांनी सुरू करते. सायन्सची मुलं इंग्रजीतून शिकतात, पण भीती सगळ्यांना मराठीतूनच वाटते. तोंडचं पाणी पळालं, म्हणजे लाळ सुटायची थांबली. पोटात गोळा आला, म्हणजे पचनाचं काम बंद पाडून रक्त हातापायांच्या स्नायूंकडं वळवलं. अंगावर काटा आला, छातीत धडधडलं. आपल्या आज्या-पणज्यांनी सिंपथेटिक चेतासंस्था, म्हणजे संकटात शरीराला तयार करणारी मज्जातंतूंची यंत्रणा, अशी अवयववार लिहून ठेवली आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलीन सोडतात, ही झाली ओरडून मारलेली हाक. दुसरा निरोप टपालानं जातो: मेंदूतला हायपोथॅलॅमस खालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला सांगते, आणि मग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं. ते रक्तात शिगेला पोचायला वीस-तीस मिनिटं जातात. लढा किंवा पळा, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडलं. १९३६ मध्ये हान्स सेली यांनी माँट्रियलच्या प्रयोगशाळेतून दाखवलं की उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा नाहीतर विषारी द्रव्य टोचा, शरीर साधारण एकाच साच्याचं उत्तर देतं: अ‍ॅड्रिनल सुजतात, छातीतली थायमस ही रोगप्रतिकाराची ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. इथवर मी फळ्यावर बाण काढत मजेत जात असे. पोरंही खूश असत, कारण पाच मार्कांचा प्रश्न हमखास.

पण मराठीत आणखी एक वाक्प्रचार आहे, तो मी कधी फळ्यावर घेतला नव्हता. हातपाय गळाले.

पुरानंतर मी वाचायला बसले ती ह्या एका वाक्प्रचारासाठी. येल विद्यापीठात एमी आर्न्स्टेन म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांचं काम कपाळामागच्या मेंदूवर, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर. पुढचं काय, आधी काय, हे हातातलं सोडून ते कर, हा सगळा कारभार तिथला. हा भाग म्हणजे घरातल्या नाजूक तब्येतीच्या हुशार माणसासारखा. नॉरअ‍ॅड्रिनलीन (अ‍ॅड्रिनलीनचंच भावंड) बेताचं असलं की त्याच्यासारखा तल्लख कुणी नाही. पण ते ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ह्या भागातल्या पेशींची एकमेकींशी बोलणी तुटतात आणि कारभार आतल्या, जुन्या मेंदूकडं जातो: अमिग्डलाकडं, जी धोका हेरते, आणि सवयी सांभाळणाऱ्या भागाकडं. जंगलात वाघ समोर आल्यावर विचार करत बसणारा माकडांचा पूर्वज टिकला नसता, तेव्हा ही व्यवस्था चुकीची म्हणता येत नाही. फक्त नदीचं पाणी वाघासारखं येत नाही. ते पायरी पायरीनं येतं, आणि त्याला नेमका विचारच लागतो.

सवयींबद्दल एक प्रयोग वाचला आणि मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये तो छापला. उंदरांना कळ दाबली की खाऊ मिळतो हे शिकवलं. पोट भरल्यावर साधे उंदीर कळ दाबायचं कमी करतात. बरेच दिवस ताणाखाली ठेवलेले उंदीर मात्र पोट भरलेलं असतानाही दाबतच राहिले. काम कशासाठी करतोय ते सुटलं होतं, काम तेवढं उरलं होतं. पुरणयंत्राच्या भोकांची आठवण झाली नसती तर नवल.

आणि मग ही लाजिरवाणी शंका, की माझ्या मेंदूनं भांडीच का निवडली? मी लहान असताना बाबा कामावरून चिडून आले की घरात वाऱ्याची दिशा बदलायची. दादा मागच्या दारानं पसार व्हायचा. आई त्यांच्यासमोर उभी राहून ऐकून घ्यायची. मी मोरीत जाऊन बसायचे आणि घासलेली भांडी पुन्हा घासायचे. हात चालू असलेल्या पोरीला कुणी काही बोलत नाही. असं असेल तर माझ्या मेंदूला धोक्याच्या वेळी बरोबर ठाऊक होतं काय करायचं ते, फक्त कृष्णा नदी म्हणजे बाबा नव्हेत. अर्थात ही गोष्ट फारच छान जुळते, आणि छान जुळणाऱ्या गोष्टींचा मला शिक्षिका म्हणून संशय येतो. मनुष्य मागं वळून बघताना कुठलाही धागा कुठंही जोडतो. नोंद करून ठेवते एवढंच.

लहानपण आणि ताणाचं नातं मात्र संशयापलीकडचं आहे. मॅकगिल विद्यापीठातले मायकेल मीनी यांनी उंदरांच्या आया तासन् तास पाहिल्या. काही आया पिल्लांना भरपूर चाटतात, काही उरकतात. भरपूर चाटलेली पिल्लं मोठी झाल्यावर घाबरली तरी लवकर निवतात, कारण त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींच्या भागात, कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाला ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) जास्त असतात. "पुरे आता, आग विझली" हा निरोप त्यांच्या मेंदूत लवकर पोचतो. पिल्लांची अदलाबदल केली तर पिल्लू जन्मदात्रीवर जात नाही, वाढवणारीवर जातं. २००४ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की हा फरक जनुकाच्या अक्षरांत नसतो, जनुकावर बसणाऱ्या रासायनिक खुणांत असतो. म्हणजे एकाच पुरात सहा माणसं उभी असतात तेव्हा प्रत्येकाच्या मेंदूचा ब्रेक वेगळ्या घरात, वेगळ्या हातांनी बसवलेला असतो.

आमच्या सहांचंच बघा. भाऊजींचा पारा चढला. त्यांनी मुलाला, महापालिकेला, धरणवाल्यांना, कर्नाटकातल्या अलमट्टीला आणि पावसाला शिव्या घातल्या, कपाट उचलताना त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं, आणि शाळेत पोचल्यावर सतरंजीवर पडले ते सकाळी उठले. पुतण्याला तर वाटलं ट्रिपच आहे, असं तो म्हणतो. मला खरं वाटत नाही, कारण त्या आठवड्यात त्यानं नखं पार मुळापर्यंत खाल्ली होती.

ह्यांनी काय केलं, तर पेन्सिल घेऊन दर दहा मिनिटांनी जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली. १.४०. १.५०. २.००. वैशाली वर-खाली धावत असताना ते एक पोतंही उचलायला आले नाहीत, याचा मला पुढं कित्येक दिवस राग होता. मग जे वाइस नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे १९७० च्या आसपासचे प्रयोग वाचले. दोन उंदरांना अगदी सारखे विजेचे झटके मिळतात. एकाला चाक फिरवून ते थांबवता येतात, दुसऱ्याच्या हातात काही नाही, पहिल्यानं थांबवले की त्याचेही थांबतात. झटके तेवढेच, पण दुसऱ्याच्या पोटात व्रण जास्त. नुसती आधी शिट्टी वाजली, म्हणजे झटका कधी येणार हे कळलं, तरी व्रण कमी होतात. ह्यांच्या रेघांनी पाणी थांबलं नाही, पण दहा मिनिटांत किती इंच चढतंय ते कळत होतं. ती त्यांची शिट्टी होती. शिवाय "आता निघायलाच पाहिजे" हा निर्णय शेवटी त्या रेघांवरूनच झाला, हे मला मान्य करायला दोन वर्षं लागली.

सगळ्यांत शांत आई होत्या, माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचं माहेर पाटणकडचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या बाळंतपणाला तिथं होत्या, तान्ह्या मुलाला घेऊन अंगणात धावल्या आणि मागं भिंत बसली. तो तान्हा मुलगा म्हणजे हे. एवढं बघितलेल्या बाईला पाण्याचं काय. त्या माळ घेऊन बसल्या होत्या आणि मधूनच सांगत होत्या, "काही नाही होत गं. २००५ ला तिसऱ्या पायरीशी आलं आणि तिथनंच परत गेलं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय." आम्ही त्यांच्या धीराचं कौतुक केलं. त्या धीरापायी सकाळचे चार तास आम्ही घरात बसून राहिलो. गावभागातल्या कितीतरी घरांत हेच झालं, २००५ ची खूण प्रत्येकानं मनात दगडावर कोरल्यासारखी धरली होती. २०१९ ला आयर्विनचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरात ते खालच्या मजल्याच्या पंख्याला लागलं. एकदा निभावलेलं संकट माणसाच्या मेंदूला निवांतही करतं आणि फसवतंही. आईंचा मेंदू शांत होता तो परिस्थिती बघून नव्हे, आठवण बघून.

सप्टेंबरात कॉलेज सुरू झाल्यावर मी तो धडा घेतला. तास संपल्यावर हरिपूरकडचा एक मुलगा थांबला. बॅग छातीशी धरून म्हणाला, "मॅडम, आमची म्हैस वाहून गेली तेव्हा मी हसत होतो. थांबतच नव्हतं. काकांनी कानाखाली दिली. असं का झालं?" मी त्याला सांगितलं, तुझ्या शरीराला कुठून तरी वाफ सोडायची होती, तिनं ती वाट धरली, ती तू निवडलेली नाहीस. त्यानं मान हलवली. पटलं की नाही कोण जाणे. मला स्वतःला पटायचं होतं अजून.

आता वैशालीचं. इथं मला जपून लिहायचंय.

पाणी उतरल्यावर घरात गाळ होता, घोट्याच्या वर, आणि एक वास. ज्यांनी तो घेतला आहे त्यांना सांगावा लागत नाही. इतरांना सांगून कळत नाही. सडलेलं धान्य, डिझेल, गटार आणि ओली माती. माझी पंधरा वर्षांची टिपणं लगद्याचा एक गठ्ठा होऊन कपाटात बसली होती. वैशालीनं पदर खोचला. ब्लीचिंग पावडर, खराटे, पंचनाम्याच्या रांगा, गाद्या जाळणं, भिंती खरवडणं, सगळं तिनं ओढलं. गणपतीही बसवला, लहानसा. सगळी गल्ली म्हणायची, हिला घाबरट कोण म्हणतं?

त्या वर्षी दिवाळीच्या आसपास अवकाळी पाऊस झाला. एके रात्री तीन वाजता मी पाणी प्यायला उठले तर वैशाली मोरीच्या जाळीशी गुडघे टेकून बसलेली. गटाराला कान लावून. "वास येतोय ताई," ती म्हणाली. वास येत नव्हता. मग कळलं की हे महिनाभर चाललंय. रोज तीनला उठते. दारामागं एक पिशवी भरून ठेवलेली, तिच्यात लाडवाचा तो डबा. मार्केट यार्डाकडं जायचं तर जाते, पण पुलाकडं जायचं म्हटलं की तिचे हात गार पडतात. पत्र्यावर पाऊस वाजला की हातातली कात्री खाली ठेवते, त्या दिवसात तिनं दोन ब्लाउज चुकीचे कापले.

मला पहिल्यांदा वाटलं ते हेच की, पूर संपल्यावर? आता?

याचं उत्तर मला आपल्याच देशातल्या कामात मिळालं. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांना रोज दोन तास, दहा दिवस, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पस, जिथं आठवणी लागतात आणि जिथून ताणाला ब्रेक लागतो, तिथल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. अमिग्डलातल्या पेशींच्या फांद्या मात्र उलट फोफावल्या. हे २००२ चं. मग त्यांनी उंदरांना एकवीस दिवस निवांत ठेवलं. हिप्पोकॅम्पस पुन्हा पूर्वीसारखा झाला. अमिग्डला झाली नाही. आणि २००५ मध्ये त्यांनी एकदाच, फक्त दोन तास, ताण देऊन पाहिला. दुसऱ्या दिवशी उंदीर ठणठणीत, मेंदूतही फरक नाही. दहाव्या दिवशी अमिग्डलातल्या पेशींवर नवे जोड उगवलेले, आणि उंदीर भित्रे झालेले.

वैशाली म्हणजे उंदीर नव्हे, आणि दहा दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. पण ताण ज्या दिवशी येतो त्याच दिवशी त्याचा हिशेब होतो, ही माझी समजूत तिथं मोडली. पुराच्या दिवशी कोण कसं वागलं ह्यावरून आम्ही घरात प्रमाणपत्रं वाटून टाकली होती. वैशालीला धीराचं, मला बावळटपणाचं. तिचा मेंदू तेव्हा चोख चालला, आणि त्यानंतर महिने गेले तरी तो पहाऱ्यावरून उतरलाच नाही. शिवाय तीन महिने तिला श्वास घ्यायला कुणी थांबवलं नव्हतं. कशाला थांबवू, ती करतेय की सगळं! गादी जाळायला मी तिच्याबरोबर गेले नव्हते, रडायला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जात होते. माझं रडून झालं होतं. तिचं राहिलं होतं. (हीच ती दुरुस्ती. तिचं म्हणणं, एवढं लिहायची गरज नाही.)

मिरजेला मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं ठरलं तेव्हा घरात व्हायचं ते झालं. "वेड लागलंय का तिला?" हे वाक्य कुणी उच्चारलं ते सांगत नाही. डॉक्टरांनी काही आठवडे झोपेसाठी गोळ्या दिल्या आणि एक काम दिलं, जे मला फार आवडलं. पुलाकडं जायचं, पण टप्प्याटप्प्यानं. पहिल्या आठवड्यात नुसतं टिळक चौकापर्यंत, बरोबर कुणीतरी, आणि धडधड कमी होईपर्यंत तिथंच थांबायचं. धडधड चालू असताना परत फिरायचं नाही. परत फिरलं की मेंदू शिकतो, पळालो म्हणून वाचलो. थांबलं की शिकतो, थांबलो तरी काही झालं नाही. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी आठवण बसते. ती बरोबरची व्यक्ती मी होते. तिथं उभ्या राहून आम्ही किती भडंग खाल्लं असेल त्याला गणती नाही. जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही पुलावर गेलो. नदी खाली, एवढीशी, पात्रात म्हशी बसलेल्या. वैशालीनं कठड्याला हात लावला आणि म्हणाली, "हीच का ती भवानी?"

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, पुन्हा ५० फुटांच्या वर. पण त्याच्या आधीच, मे महिन्यात, वैशालीनं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला होता. आयर्विनला किती फूट झाले की कुणी काय करायचं. फुटांप्रमाणे ओळी, प्रत्येक ओळीत एकाचं नाव. ३० ला कागदपत्रांचा डबा आणि आईंची औषधं. ३५ ला सिलिंडर, मशीन, गाद्या माडीवर. ४० ला आईंना घेऊन विश्रामबागेत नणंदेकडं, वाद घालायचा नाही, २००५ चं नाव काढायचं नाही. रेघा मारायचं काम ह्यांच्याकडंच ठेवलंय, पण वेळ लिहून झाली की एक पोतं वर न्यायचं अशी अट. भाऊजींना जड सामान. डोकं चालेनासं झालं तरी कागद चालतो. ठरवायचं ते डोकं ठिकाणावर असताना ठरवून ठेवलेलं, नंतर फक्त वाचायचं. मी त्या वेळी आईंना रिक्षात घालून चाळीस फुटांच्या आधी विश्रामबागेत पोचले होते, हात थरथरत होते तरी. माझा मोबाईल नंबरही कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता.

कागद अजून तिथंच आहे, तेलाचे डाग पडलेत. ३५ च्या ओळीत, शेवटी, वैशालीच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: "ताईंनी भांडी घासणं बंद करावं."